वेशीवर थांबणारा हक्क

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावरील भाईंदरची मिठागरे ज्यांनी ऐन हंगामात पाहिली आहेत, त्यांना या प्रदेशातील श्रमिकाच्या वर्षाचे दोन भाग कसे पडत, हे सांगावयास नको. दिवाळी उलटली म्हणजे बांध दुरुस्त करून भरतीचे पाणी आत घ्यावयाचे, उन्हाच्या तापाने ते वाफ्यांतून आटवावयाचे, तळाशी धरलेले मीठ लाकडी फावड्याने कडेला ओढून त्याच्या राशी लावावयाच्या, आणि मृगाचे ढग दिसू लागले की त्या राशी गवताने शाकारून हात रिकामे करावयाचे, असा तो क्रम होता. त्या रिकाम्या महिन्यांचा मुशाहिरा कोणी देत नसे. खारजमिनीत भात लावावयाचे, उधाणाच्या पाण्यावर आलेली मासळी पकडावयाची, आणि उरलेली गरज घरातल्या साठवणीवर किंवा सावकाराच्या उधारीवर भागवावयाची. पलीकडे उत्तन, चौक या कोळीवाड्यांतही होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत हीच स्थिती असे. बेकारी येई आणि जाई, परंतु तिची नोंद कोणत्याही दप्तरात होत नसे.

बेकारीचा भार गावाने मुकाट्याने सोसावा, ही व्यवस्था ज्यांनी पाहिली त्यांपैकी अनेक सत्ताधाऱ्यांनी तिचा एक सोयीस्कर अर्थ लावला, आणि तो अर्थ पुढे ज्यांना गाव सोडून दूरदेशी जावे लागले त्यांच्या फार मुळावर आला.

कारण याच कोकणपट्टीतून माणसे समुद्रापलीकडे जात होती. मुंबई बंदरातून सुटणाऱ्या ब्रिटिश आगबोटींवर डेकवरचे खलाशी बहुधा रत्नागिरीचे किंवा गुजरातच्या किनाऱ्यावरचे, आणि स्वयंपाकघरात व उतारूंच्या दिमतीस गोव्याची माणसे, अशी वाटणी ठरून गेलेली होती. सारंग आणि टंडेल यांच्या हाताखाली दीड-दोन वर्षे घालवून परत आलेला खलाशी पुढची बोट मिळेपर्यंत महिनोन् महिने मुंबईच्या एखाद्या कुडात किंवा खोलीत पडून राही. त्याची ही बेकारी एका देशात केलेल्या चाकरीतून उत्पन्न झालेली आणि दुसऱ्या देशात भोगावयाची होती. दोन राज्यांच्या मध्ये लोंबकळणाऱ्या बेकारीचे आपल्याकडील हे पहिले मोठे उदाहरण होय.

ब्रिटनमध्ये १९११ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या भागाने इमारतकाम, जहाजबांधणी, यंत्रकाम अशा मोजक्या धंद्यांतील कामगारांना बेकारीच्या काळात आठवड्याला ७ शिलिंग, तेही वर्षातून फार तर १५ आठवडे, मिळू लागले. त्याच कायद्याच्या आरोग्यविम्याच्या भागात खलाशांसंबंधी जी तजवीज होती तिच्याकडे मात्र आपल्या इतिहासकारांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. ब्रिटनमध्ये ज्याचे कायम वास्तव्य नाही अशा खलाशास या विम्याचा लाभ नव्हता. तथापि हप्ता वाचतो म्हणून परदेशी खलाशी घेण्याचा मोह मालकास होऊ नये, यासाठी अशा खलाशाच्या नावेही मालकाने आपला हप्ता भरलाच पाहिजे असे ठरले. हे पैसे एका स्वतंत्र निधीत जमा होत, आणि त्या निधीतून वृद्ध ब्रिटिश खलाशांना पेन्शने दिली जात. रत्नागिरीच्या माणसाच्या श्रमावर आकारलेला हप्ता लिव्हरपूलच्या म्हाताऱ्याच्या पेन्शनीत जावा, आणि ज्याच्या नावाने तो भरला गेला त्याने परतल्यावर मुंबईत उधारीवर जेवावे, हा अन्याय कोणी चोरून केलेला नव्हता. तो कायद्याच्या कलमात स्वच्छ लिहिलेला होता, आणि मला तर तो त्यामुळेच अधिक जड वाटतो.

पहिले महायुद्ध संपल्यावर या स्थितीस उत्तर देण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला, आणि त्या प्रसंगी एक मराठी माणूस हजर होता. २९ ऑक्टोबर १९१९ रोजी वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्यास हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले होते. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे सदस्य, मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभारलेले हे गृहस्थ गिरणगावच्या चाळींतील दारिद्र्य रोज पाहात आलेले होते. त्या परिषदेने बेकारीविषयी जो करारनामा संमत केला, त्यात तीन गोष्टी होत्या: प्रत्येक राष्ट्राने बेकारीची माहिती नियमाने कळवावी, सरकारी मोफत रोजगार कचेऱ्या उघडाव्यात, आणि ज्या राष्ट्रांनी बेकारीच्या विम्याची पद्धत सुरू केली असेल त्यांनी परस्परांत अटी ठरवून एकमेकांच्या कामगारांना आपल्या कामगारांइतकाच लाभ द्यावा. या तिसऱ्या कलमात, परक्या मुलखात काम गेलेल्या मनुष्याचा हक्क आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात आला. १४ जुलै १९२१ रोजी, म्हणजे हा करारनामा अमलात आला त्याच दिवशी, हिंदुस्थान सरकारने त्यास मान्यता दिली.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. १६ एप्रिल १९३८ रोजी सरकारने या करारनाम्याचा परित्याग केला. सतरा वर्षांत हिंदुस्थानात बेकारीचा विमा झाला नव्हता, त्यामुळे परस्परता साधण्यास आपल्या बाजूला काही शिल्लकच नव्हते. आणि मोफत रोजगार कचेऱ्यांचा तर पत्ताही नव्हता. त्या उघडल्या १९४५ साली, आणि त्याही प्रथम लढाईवरून परतलेल्या सैनिकांच्या सोयीसाठी.

या सतरा वर्षांच्या मध्यावर जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील श्रमविषयक शाही आयोग येऊन गेला. जोशी या आयोगाचे सदस्य होते. १९३१ च्या आपल्या अहवालात आयोगाने देशव्यापी बेकारी विमा तूर्त व्यवहार्य नाही असे मत दिले, आणि त्याचबरोबर कामगाराचा गावाशी असलेला संबंध हे त्याचे बळ आहे, तो तुटू देऊ नये, असेही म्हटले. मिठागरावरील माणूस पावसाळ्यात भात लावतो, गिरणीतला माणूस संप झाला की गावी जातो, तेव्हा गाव हाच त्याचा आसरा, हे निरीक्षण खोटे नव्हते. परंतु गाव आसरा देते म्हणजे तेथील बायका, म्हातारे आणि धाकटे भाऊ आपल्या ताटातील भाकरी अर्धी करतात, हे त्यामागचे सत्य हिशेबात कोणी धरले नाही. आणि ज्याचा आसरा गाव आहे असे एकदा मानले, त्याचा हक्क परदेशात मागावयाचा कोणत्या तोंडाने?

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर प्राध्यापक बी. पी. अडारकर यांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांच्या विम्याची योजना सादर केली, आणि तिच्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा निघाला. ती योजना आजारपणाची होती, तीत बेकारी नव्हती. बेकारीचा भत्ता या विम्यात आला तो १ एप्रिल २००५ रोजी, कारखाना बंद पडल्यास किंवा कामगारकपात झाल्यास काही काळ निम्मे वेतन देणाऱ्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेने. पुढे १ जुलै २०१८ पासून अटल बिमित व्यक्ती कल्याण योजना आली, तिने ९० दिवसांपर्यंत वेतनाच्या चौथ्या हिश्शाइतका भत्ता दिला, आणि २०२० साली साथीच्या काळात तो वाढवून वेतनाच्या निम्म्यावर नेला. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी घडविणारा कामगार या विम्यात असला, तर वापीला गेला तरी त्याचा विमा क्रमांक त्याच्या मागे जातो. मस्कतला गेला तर जात नाही.

आणि मस्कत, दुबई, कुवेत ही नावे आता या भूभागाला परकी राहिलेली नव्हती. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि या दरम्यानच्या काळात खाजणे आणि भातखाचरे यांच्यावर मीरा रोडच्या इमारती उभ्या राहिल्या. मुंबईत जागा परवडेनाशी झालेली कोकणातील, गोव्याकडील, कितीतरी प्रांतांतील कुटुंबे येथे आली, १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून अनेक मुसलमान कुटुंबे येथे सरकली, आणि त्यांच्या घरांच्या हप्त्यांत आखाताचा पैसा मोठ्या प्रमाणावर होता. शाही आयोगाने ज्या गावाच्या भरवशावर विमा टाळला होता ते गाव या माणसांच्या बाबतीत उरलेच नव्हते. दोन खोल्यांची सदनिका पावसाळ्यात भात पिकवीत नाही.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले आणि हे सर्व उघडे पडले. लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानांनी मुंबईस आणले गेले. त्या सुटकेची कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि ती तशी सांगण्याजोगी आहेही. परंतु सहारच्या विमानतळावर उतरलेल्या माणसाची नोकरी कुवेतमध्ये, थकलेला पगार कुवेतमध्ये, बँकेतील दिनार कुवेतमध्ये, आणि बेकारी तेवढी येथे, अशी त्याची दशा होती. त्याच्यासाठी भारतात भत्ता नव्हता, कारण त्याने भारतात हप्ता भरला नव्हता. कुवेतमध्येही नव्हता, कारण तेथे परक्या कामगारासाठी तशी योजनाच नव्हती.

तरी या प्रसंगातून एक अपूर्व गोष्ट निर्माण झाली. १९९१ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने जिनिव्हा येथे भरपाई आयोग स्थापन केला, आणि इराकच्या तेलाच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा, आरंभी ३० टक्क्यांपर्यंत, त्याच्यासाठी राखून ठेवण्यात आला. दावे सरकारांमार्फत जात. दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयात त्यासाठी खास कक्ष उघडला होता. आयोगाने दाव्यांचे वर्ग पाडले, त्यांतील पहिला वर्ग या विषयाच्या अभ्यासकाने निरखून पाहावा असा आहे. २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या मुदतीत मी कुवेत किंवा इराकमधून निघून आलो, एवढेच ज्याला दाखविता येईल, त्याला व्यक्तीमागे २,५०० डॉलर आणि कुटुंबास ५,००० डॉलर. दुसऱ्या कोणत्याही वर्गात दावा करणार नाही असे लिहून दिल्यास अनुक्रमे ४,००० आणि ८,०००. किती नुकसान झाले याचा पुरावा मागितला जात नव्हता. वाळवंटातून पळून आलेल्या माणसाजवळ पगाराच्या पावत्या असणार नाहीत, हे आयोगाने ओळखले होते. बुडालेल्या पगारासह मोठ्या नुकसानीचा दावा ज्याला करावयाचा असेल त्याच्यासाठी १ लाख डॉलरपर्यंतचा निराळा वर्ग होता. पैसे हाती पडावयास वर्षे लागली. तथापि देश बदलला म्हणून मनुष्याचा दावा नाहीसा होत नाही, हे तत्त्व १९१९ नंतर पुन्हा एकदा मान्य झाले, आणि या वेळी ते नुसत्या कागदावर राहिले नाही.

ते तत्त्व युद्धावाचून, शांततेच्या काळातही पाळता येते, याचे उदाहरण युरोपात आहे. युरोपीय संघाच्या राष्ट्रांत एका देशात भरलेल्या बेकारी विम्याच्या मुदतींचा दाखला दुसऱ्या देशात सादर करता येतो आणि त्या मुदती जमेस धरल्या जातात. शिवाय बेकार मनुष्य चार आठवडे नोंद राहिल्यावर दुसऱ्या देशात काम शोधावयास गेला, आणि सात दिवसांच्या आत तेथील कचेरीत रुजू झाला, तर त्याचा भत्ता तीन महिने, वाढवून सहा महिने, पहिल्याच देशाकडून चालू राहतो. २०११ पासून हा नियम तेथे कायदेशीरपणे राहणाऱ्या परदेशीयांनाही लागू झाला, म्हणजे मीरा रोडचा एखादा अभियंता म्युनिकहून ॲम्स्टरडॅमला गेला तर त्याच्या मुदती त्याच्याबरोबर जातात. पण तोच घरी परतला की त्या सोबत येत नाहीत. भारताने बेल्जियमशी केलेला सामाजिक सुरक्षेचा करार १ सप्टेंबर २००९ पासून अमलात आला, जर्मनीशी केलेला त्याच्या पुढच्याच महिन्यात, आणि नंतर आणखी देशांशी करार झाले. दोन ठिकाणी हप्ता भरावा लागू नये आणि म्हातारपणचे पेन्शन बुडू नये, एवढे या करारांनी मुख्यतः साधले. ते थोडे नव्हे. परंतु अमेरिकेशी असा करार नाही, आणि आखातातील ज्या देशांत आपली सर्वाधिक माणसे राबतात त्यांच्या बाबतीत पेन्शनचाच प्रश्न उद्भवत नाही, कारण परक्याला तेथे सामान्यतः पेन्शन नसते. कामावरून निघताना मिळणारी उपदानाची रक्कम, हीच त्याची सर्व पुंजी.

आखातातही आता थोडा बदल झाला आहे. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२३ पासून बेकारीचा विमा परदेशी कामगारांनाही सक्तीचा झाला. १६,००० दिरहमपर्यंत मूळ वेतन असणाऱ्याने महिन्याला ५ दिरहम भरावयाचे, आणि सलग १२ महिने हप्ते भरलेले असतील व नोकरी त्याच्या दोषावाचून गेली असेल तर मूळ वेतनाच्या ६० टक्के, महिन्याला १०,००० दिरहमच्या मर्यादेत, तीन महिन्यांपर्यंत मिळावयाचे. दावा नोकरी गेल्यापासून ३० दिवसांत केला पाहिजे, आणि दावेदार त्या देशात असला पाहिजे. देश सोडला की भत्ता थांबतो. आता व्यवहारात पाहा. नोकरी गेली, राहावयाचा परवाना ठरावीक मुदतीपुरता, खोलीचे भाडे चालू, घरी मुलांच्या शाळेची फी. असा मनुष्य परत येतो. त्याच्या प्लास्टिकच्या फायलीत कराराची प्रत, शेवटची वेतनचिठ्ठी, परवाना रद्द झाल्याचा कागद आणि विम्याचे प्रमाणपत्र असे सर्व जपून ठेवलेले असते, आणि त्यांतील शेवटचा कागद सहारला उतरताच निरुपयोगी झालेला असतो.

समुद्रावरच्या माणसाचे मात्र थोडे बरे झाले, हे सांगितले पाहिजे. जहाज बुडून काम गेलेल्या खलाशास दोन महिन्यांच्या वेतनापर्यंत बेकारीची भरपाई द्यावी, असे १९२० च्या जेनोआ परिषदेने ठरविले होते. ती तरतूद २००६ च्या सागरी श्रम करारनाम्यात आली, आणि भारताने तो ९ ऑक्टोबर २०१५ रोजी स्वीकारला. जहाज कोणत्या समुद्रात बुडाले आणि खलाशी कोणत्या देशाचा, याने त्या हक्कात फरक पडत नाही. ज्या खलाशाच्या नावाचा हप्ता एके काळी दुसऱ्याच्या पेन्शनीत गेला त्याच्या नातवंडांना एवढे तरी मिळाले. जमिनीवर काम करणाऱ्यांसाठी आखाती राज्यांशी करार होईल तेव्हा त्याच्या मसुद्यात एक कलम असावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे: ज्याने हप्ते भरले त्याचा तीन महिन्यांचा भत्ता त्याच्या मुलखातील बँकखात्यावर यावा, आणि त्याची हजेरी येथील रोजगार कचेरीने घ्यावी. कचेरी ठाण्यास आहे, आणि १९२१ साली जे काम करण्याचे वचन आपण दिले होते त्यातलेच ते आहे.