नॉर्वेच्या शेतघरातला 'जीव'

घरात विरजण संपले तर शेजारच्या घरातून वाटीत थोडेसे आणायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या विरजणात कोणते जीवाणू आहेत याची चौकशी कोणी करत नाही. दही घट्ट आणि गोड लागले की झाले. नॉर्वे देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, डोंगरांच्या मध्ये शिरलेल्या समुद्राच्या खाड्यांच्या काठी राहणाऱ्या शेतकऱ्यांनी नेमक्या याच रीतीने एक सूक्ष्मजीव पिढ्यान् पिढ्या सांभाळला. तो म्हणजे बिअर आंबवणारे यीस्ट. दारूची महती सांगणे हा येथे हेतू नाही. सूक्ष्मजीव डोळ्यांना दिसू लागण्यापूर्वी माणूस त्यांची निवड कशी करत होता, आणि ज्ञान पुस्तकात नसेल तर ते कसे टिकते व कसे नाहीसे होते, हे समजून घ्यायला हा इतिहास फार उपयोगी आहे.

या यीस्टला पश्चिम नॉर्वेच्या बोलीत 'क्वाइक' म्हणतात. प्राचीन नॉर्स भाषेतील 'जिवंत' या अर्थाच्या शब्दाशी आणि 'चेतवणे, पेटवणे' या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. इंग्रजीतील 'क्विक' या शब्दाचाही मूळ अर्थ 'जिवंत' असाच होता. भाषाशास्त्रज्ञ या सर्वांचे मूळ ज्या आद्य भारोपीय शब्दात शोधतात, त्याच शब्दातून संस्कृतमधील 'जीव' आला आहे. म्हणजे नॉर्वेचा शेतकरी ज्याला 'क्वाइक' म्हणतो, तो शब्द आपल्या 'जीव' या शब्दाचा दूरचा भाऊच आहे. यीस्ट हा सजीव आहे हे विज्ञानाने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केले. भाषेने मात्र त्याला आधीच जीव म्हणून ठेवले होते.

बिअर न करणे हा गुन्हा

मध्ययुगीन नॉर्वेत बिअर ही चैनीची वस्तू नव्हती. पश्चिम नॉर्वेतील 'गुलातिंग' या लोकसभेचे कायदे तेराव्या शतकातील हस्तलिखितांतून आपल्यापर्यंत आले आहेत. ख्रिसमससाठी प्रत्येक शेतकऱ्याने बिअर केलीच पाहिजे, असे त्यांत बजावले आहे. ती न करणाऱ्याला बिशपकडे दंड भरावा लागे. लागोपाठ तीन वर्षे हयगय केली तर मालमत्ता गमावण्याची पाळी येई. लग्न, बारसे, गवत कापणीचा हंगाम, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी बिअर लागे. अंत्यविधीनंतरच्या जेवणाला नॉर्वेजियन भाषेत जो शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'थडग्याची बिअर' असा होतो.

हे सारे शेतातल्या धान्यातूनच होत असे. सातू भिजवून तिला मोड आणायचे आणि मग ती वाळवायची. मोड येताना धान्यात विकरे तयार होतात. हे धान्य भरडून गरम पाण्यात ठेवले की विकरे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात आणि गोड अर्क मिळतो. अर्कासाठी साध्या पाण्याऐवजी जुनिपर या सुगंधी झुडपाच्या फांद्या घालून तापवलेले पाणी वापरण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी होती. काही खोऱ्यांत हा अर्क कित्येक तास उकळत, तर काही ठिकाणी मुळीच उकळत नसत. शेवटी अर्क निवला की त्यात यीस्ट घालायचे.

निवला म्हणजे किती? शेतघरात तापमापक नव्हता. यीस्ट 'दुधाइतक्या कोमट' अर्कात घालावे असे सांगितले जाई. धारोष्ण दुधाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या पुढेमागे असते. वोस या भागात तर ३९-४० अंशांना यीस्ट घालण्याची पद्धत आजही चालू आहे. आधुनिक कारखान्यांतील बिअरचे यीस्ट, प्रकाराप्रमाणे, साधारण ८ ते २४ अंशांच्या दरम्यान कामाला लावतात. ४० अंशांना त्यांपैकी बहुतेकांची बिअर बेचव होईल किंवा आंबणे अर्धवट थांबेल. क्वाइक मात्र या उष्णतेत दोन-तीन दिवसांत काम उरकते. गोड अर्क थंड होण्याची वाट पाहत उघडा राहिला तर त्यात नको ते जीवाणू वाढतात. त्यामुळे कोमट असतानाच यीस्ट घालण्यात शहाणपण होते.

यीस्ट घालताना पिंपात तोंड घालून मोठ्याने आरोळी ठोकण्याची चाल काही भागांत होती. दुष्ट शक्ती पळाव्यात आणि बिअर जोमदार व्हावी, ही त्यामागची समजूत. आज आपल्याला हसू येईल. पण कारण न समजता, कधी साधते आणि कधी बिघडते अशा प्रक्रियेपुढे माणूस जे करतो तेच हे होते.

लाकडी कड्यातले बियाणे

बिअर वर्षातून दोन-चारदाच होई. मधल्या महिन्यांत यीस्ट जिवंत कसे ठेवायचे? यासाठी नाना युक्त्या होत्या. भोके पाडलेला किंवा खाचा कोरलेला लाकडाचा ओंडका आंबणाऱ्या बिअरच्या फेसात किंवा तळच्या साक्यात बुडवायचा आणि टांगून वाळवायचा. कोठे लाकडाच्या छोट्या तुकड्यांची एकमेकांत अडकवलेली कडी असत, कोठे गवताच्या पेंढीची, कोठे तागाचे कापड. खाचांत वाळून राहिलेले यीस्ट वर्षभर आणि त्याहून जास्त काळही टिके. पुढच्या खेपेला तोच ओंडका गोड अर्कात सोडला की झाले. यीस्ट मेलेच तर शेजाऱ्याकडून आणायचे. ते देण्याचे कोणी पैसे घेत नसे, कारण पुढच्या वर्षी आपल्यावर मागण्याची पाळी येऊ शकते हे प्रत्येकाला ठाऊक होते. शेजारधर्म हीच त्या यीस्टची विमा योजना होती.

या कृतींकडे जीवशास्त्राच्या नजरेने पाहा. दर वेळी यीस्टची परीक्षा होत होती. जे उष्णतेत मरेल ते बाद. जे वाळवणे सोसणार नाही ते बाद. जे फेसावर किंवा तळाशी नीट गोळा होणार नाही ते उचललेच जाणार नाही. आणि बिअर बेचव झाली तर ते यीस्ट फेकून शेजाऱ्याचे आणले जाई. चार्ल्स डार्विनने १८५९च्या ग्रंथात ज्याला 'अजाणता केलेली निवड' म्हटले, तिचे याहून नेटके उदाहरण क्वचितच सापडेल. फरक इतकाच की येथे निवडला जाणारा जीव कोणाला दिसतही नव्हता.

एका पेशीपासून

लेव्हेनहूकने १६८०च्या सुमारास सूक्ष्मदर्शकातून यीस्टच्या पेशी पाहिल्या. १८३७च्या आसपास फ्रान्स आणि जर्मनीतील संशोधकांनी यीस्ट सजीव असल्याचे दाखवले, आणि पाश्चरने पुढे आंबण्याचा व जीवनक्रियेचा संबंध पक्का केला. त्याचा बिअरवरील ग्रंथ १८७६चा. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट तयार केले. कार्ल्सबर्गने ही पद्धत गुप्त न ठेवता इतर कारखान्यांनाही दिली. बिअर बिघडण्याचे प्रमाण घटले आणि चव दर वेळी सारखी येऊ लागली. हा विज्ञानाचा मोठाच विजय होता.

पण या विजयाची एक किंमत होती. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे, प्रत्येक शेताचे यीस्ट म्हणजे अनेक वाणांचे मिश्र कुटुंब होते. आता त्या जागी एकेक निवडक वाण आला. नॉर्वेत कारखान्याची बिअर आणि दुकानातले पावाचे यीस्ट खेडोपाडी पोचले, तशी टांगलेली लाकडी कडी एकामागून एक अडगळीत गेली. एका पिढीने ओंडका ओला केला नाही की शेकडो वर्षांची साखळी तुटे. ऑड नोर्डलान या संशोधकाने १९६९ मध्ये नॉर्वेतील बिअरच्या परंपरांवर विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला, तोपर्यंत बऱ्याच भागांत ही साखळी तुटलेली होती.

काय टिकले आणि काय गेले, याचा हिशेबही मनोरंजक आहे. त्रोंडहाइम शहराजवळच्या स्त्योरदाल भागात शेतकरी आजही सातूला मोड आणून ती अल्डरच्या लाकडाच्या धुरावर स्वतः वाळवतात, पण त्यांचे जुने यीस्ट गेले. ते पावाचे यीस्ट वापरतात. उलट वोस, होर्निनदाल अशा पश्चिमेकडच्या भागांत धान्य विकत आणतात, पण यीस्ट मात्र वाडवडिलांचे आहे. परंपरा एकसंध वस्तू नसते. तिचा कोणता धागा कोठे टिकेल हे सांगता येत नाही.

प्रयोगशाळेची साक्ष

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लार्स मारियुस गार्शोल या लेखकाने खेडोपाडी हिंडून अशा बिअरची व यीस्टची माहिती जमवली आणि नमुने तपासणीसाठी पाठवले. २०१८ मध्ये कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठातील संशोधकांनी, गार्शोलच्या सहभागाने, नऊ ठिकाणच्या क्वाइकमधून वेगळ्या केलेल्या २५ वाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सर्व सॅकरोमायसिस सेरेव्हिसी याच जातीचे आहेत, पण त्यांचा जनुकीय गट स्वतंत्र आहे. त्यांतील काही वाण ४० अंशांच्याही वर वाढतात. रानटी यीस्टमुळे बिअरला लवंगेसारखा वास येतो. तो वास निर्माण करणारी जनुके क्वाइकमध्ये उत्परिवर्तनाने निकामी झालेली आढळली. माणसाळलेल्या यीस्टची ही खूण आहे. हे यीस्ट ट्रेहॅलोज नावाची शर्करा जास्त साठवते, असे २०२२च्या अभ्यासात दिसले. ही शर्करा पेशीला उष्णता आणि कोरडेपणा यांपासून वाचवते. म्हणजे कोमट अर्क आणि टांगलेला ओंडका, या दोन्हींचा ठसा पेशीच्या रसायनात उमटलेला आहे!

आता क्वाइकचे शुद्ध वाण पाकिटांतून जगभर विकले जातात. त्यामुळे ते नष्ट होण्याचा धोका कमी झाला, हे खरेच. पण पाकिटात बहुधा कुटुंबातला एकच सदस्य असतो. बाकीचे सदस्य आणि त्यांचे परस्परसंबंध शेतावरच राहतात. दुसरा प्रश्न हक्काचा. १९९२च्या जैवविविधता करारात, आणि २०१०च्या नागोया येथील त्याच्या पूरक करारात, जनुकीय संपत्तीच्या लाभाचे न्याय्य वाटप व्हावे हे तत्त्व मान्य झाले. पण जे यीस्ट पिढ्यान् पिढ्या शेजाऱ्याला फुकट दिले गेले, त्याचा मालक कोण ठरवायचा? एक शेतकरी, एक खोरे, की सारा देश? बियाणे, औषधी वनस्पती यांच्या बाबतीत हाच प्रश्न आपल्या देशातही उभा राहतो, म्हणून वरच्या वर्गांत त्यावर चर्चा घडवून आणण्याजोगी आहे.

चर्चेला एका साध्या प्रयोगाची जोड देता येईल. चार बाटल्यांत सारखेच साखरपाणी आणि सारखेच पावाचे यीस्ट घ्यावे. तोंडाला फुगे बांधून बाटल्या २०, ३०, ४० आणि ५० अंशांच्या पाण्यात ठेवाव्यात. कोणता फुगा किती लवकर फुगतो याची दर दहा मिनिटांनी नोंद करावी. द्रावण अर्थातच पिऊ नये, ओतून टाकावे. तापमापक नसताना, केवळ हाताच्या स्पर्शावर, नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी कोणता आकडा शोधला होता आणि त्या आकड्याला साजेसे यीस्ट घडवायला त्यांना किती पिढ्या लागल्या असतील, याचा विचार मुलांना मग स्वतःच करता येईल.