हेड उतरवायचं का?

आमच्या लहानपणी माढा तालुक्यात इंजिन म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढं यायच्या. एक कुर्डुवाडीचं रेल्वेचं इंजिन, दुसरं विहिरीवरचं ऑइल इंजिन. मोटारीचं इंजिन घरोघरी यायला फार वेळ लागला. पण ते आलं तेव्हा त्याला हात घालायची हिंमत आमच्या माणसांना या दोन इंजिनांनी आधीच दिली होती. ती हिंमत कुठवर पुरते आणि कुठं तोकडी पडते, हे आमचं घर एका आषाढीला पैसे मोजून शिकलं.

आधी रेल्वेचं सांगतो. बार्शी लाइट रेल्वे 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती उभी केली. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. पुढं ती 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. पहिली इंजिनं इंग्लंडात लीड्सच्या किटसन कारखान्यात बनलेली. एखादा भाग मोडला आणि तो तिकडून मागवायचा म्हटलं, तर बोटीची वाट बघायची. त्यामुळं दुरुस्ती इथंच व्हायला हवी होती. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात आसपासच्या गावची पोरं खलाशी म्हणून लागली आणि फिटर होऊन बाहेर पडली. 1 जानेवारी 1954 ला ही रेल्वे सरकारनं घेतली. माझे थोरले चुलते, तात्या, त्यानंतर तिथं लागले. त्यांनी घरी आणलेली शिस्त साधी होती. खोलायच्या आधी खूण करायची, नट ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं पोत्यावर मांडायचे, आणि मापल्याशिवाय काही बसवायचं नाही. ते म्हणायचे, "खोलायला पाना पुरतो रं, बसवायला माप लागतंय."

दुसरी शाळा विहिरीची. मोट गेली आणि ऑइल इंजिन आलं. साताऱ्याजवळ सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना होता, तर पुण्यात खडकीला 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं, मिनिटाला दीड हजार फेरे घेणारं किर्लोस्करचं इंजिन आमच्या भागात घरच्या बैलाइतकं ओळखीचं झालं. पंप साधारण पंचवीस फुटांच्या खालचं पाणी ओढत नाही. म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की इंजिनही विहिरीत खालच्या टप्प्यावर उतरवायचे. ते बिघडलं तर दुरुस्ती तिथंच, अंगावर ऑइल आणि खाली पाणी.

कारागीर यायला दोन-दोन दिवस लागायचे. तेवढ्यात भरणं चुकून पीक माना टाकायचं. म्हणून शेतकरी स्वतःच हात घालायला शिकला. इंजिनानं एअर धरली तर पाइप ढिला करून ती काढायची, नोझल बदलायचं, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासायचे, पिस्टनच्या रिंगा टाकायच्या. एवढं आमच्या अण्णांना यायचं. क्रँक घासायची वेळ आली, पंप बसला, की मात्र ते इंजिन बैलगाडीत घालून बार्शीला न्यायचे. घरी काय करायचं आणि बाहेर काय द्यायचं, ही रेघ त्यांच्या मनात पक्की होती. ती कुणी लिहून दिली नव्हती. चार-पाचदा फसून ती आखली गेली होती.

पुढं 1980 साली उजनी धरण पुरं झालं. वीज आली, कॅनॉल आला, विहिरीवर इलेक्ट्रिक मोटारी बसल्या. इंजिन लाइट गेल्यावरच्या वेळेपुरतं उरलं. ऊस वाढला, हातात थोडा पैसा आला आणि जीप आली. लिलावातल्या जुन्या पेट्रोल जीपा घ्यायच्या आणि बाजारातून डिझेल इंजिन आणून त्यात बसवायचं, अशी तेव्हा पद्धतच होती. पेट्रोल परवडायचं नाही. अण्णांनी 1993 साली अशीच एक जीप पतपेढीचं कर्ज काढून घेतली आणि माढा-कुर्डुवाडी-टेंभुर्णी वडाप सुरू केलं.

आषाढीला नऊ दिवस राहिले होते. कुर्डुवाडीच्या रस्त्यावर रेडिएटरचा पाइप गळत होता, ते अण्णांना ठाऊक होतं. माणसं भरलेली म्हणून त्यांनी गाडी तशीच रेटली. घरी आली ती पांढरा धूर टाकत. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाळ झालेलं. हेडचं पॅकिंग गेलं होतं. गॅरेजवाल्यानं नऊ हजार सांगितले आणि वर म्हणाला, पंधरा दिवसांआधी हात लागणार नाही. स्वतः केलं तर पॅकिंग आणि हेडचं फेसिंग धरून बाराशेत भागत होतं. आणि आषाढीच्या पंढरपूरच्या फेऱ्यांवर पतपेढीचे तीन हप्ते निघणार होते.

अण्णांनी विचारलं, "काय करायचं तात्या?"

तात्या निवृत्त झालेले. ते म्हणाले, "वाफेची इंजिनं उघडली मी. ह्याला काय धाड भरलीया?"

काम त्यांनी नीट केलं, हे मला सांगितलं पाहिजे. हेडचे नट बाहेरून आत अशा क्रमानं सैल केले. पट्टी आणि फिलर गेज लावून हेड वाकलंय का बघितलं. ते वाकलं होतं, म्हणून बार्शीच्या लेथवाल्याकडून फेसिंग करून आणलं. पंपाला हातही लावला नाही. मग पिस्टनवरचा कार्बन खरवडायला मला म्हणाले, "हँडल मार जरा, पिस्टन वर आण."

मी तेव्हा चौदा वर्षांचा. हँडल फिरवलं तेव्हा तीन नंबरचा लायनर केसाएवढा वर उचलल्यासारखा मला दिसला. मी बोललो नाही. तात्या वर्कशॉपातले. त्यांना काय सांगायचं?

त्या इंजिनाचे लायनर ओले होते. म्हणजे त्यांच्या भोवती थेट पाणी खेळतं. खाली ते रबरी रिंगेवर टेकलेले असतात आणि वरून हेडच त्यांना दाबून धरतं. हेड उतरवल्यावर क्रँक फिरवायची, तर आधी बोल्ट आणि वॉशर लावून लायनर दाबून ठेवावे लागतात. नाहीतर पिस्टनबरोबर लायनर उचलतो आणि खालची रिंग जागा सोडते. वाफेच्या इंजिनात हा प्रकार नव्हता. विहिरीवरच्या इंजिनाचं चाक तर आम्ही हेड काढून कितीदा फिरवलं होतं, कधी काही झालं नव्हतं.

जीप सुरू झाली, छान वाजली. दुसऱ्या दिवशी ऑइल पुन्हा दुधाळ. मग चेंबर उतरवलं, पिस्टन काढले, लायनर काढले, बेअरिंगही टाकावे लागले. आषाढी गेली. वारकरी दुसऱ्यांच्या गाड्यांतून गेले. हप्ते थकले ते दिवाळीपर्यंत, आणि आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

लायनर काढताना मी सांगून टाकलं. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "मग तवाच का बोलला न्हाईस?" मी गप्प. ते रागावले नाहीत. थोड्या वेळानं फिलर गेज माझ्या हातात देऊन म्हणाले, "हितनं पुढं तू मोज. दिसलं की बोलायचं."

आज मागं बघताना अण्णांचा निर्णय मला पुरता चुकीचा वाटत नाही. पॅकिंग घरी बदलता येण्याजोगंच होतं, आणि तशी इंजिनं खोलणारा एक मेकॅनिक टेंभुर्णीत होता. त्याला चहा पाजून अर्धा तास विचारलं असतं, तर बाराशेतच भागलं असतं. पण दुसऱ्या इंजिनांवर कमावलेलं ज्ञान आम्ही या इंजिनालाही पुरेल असं धरून चाललो. शिवाय चुकलं तर दुसऱ्यांदा खोलायला दिवसच हाताशी ठेवले नव्हते.

आता गाड्या बदलल्या. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. डिझेलच्या पाइपात हजार बारच्या वर दाब असतो. एअर काढायला चालू इंजिनाचा पाइप ढिला करायची जुनी सवय तिथं हात फाडून टाकेल. घरी करायची कामं कमी झाली, पण संपली नाहीत. परवा पुतण्यानं विचारलं, "काका, ट्रॅक्टरची क्लच प्लेट घरीच टाकू का?" ऊस तोडणीला महिना होता. मी म्हटलं, "महिना हाय, टाक की. पण आधी हाच ट्रॅक्टर खोललेला माणूस गाठ. आन् खोलताना पोराला बरोबर घे. त्याला काय दिसलं तर ऐकून घे."