शेख फरीद माहूरला आले होते का?

गेल्या डिसेंबरात शाळेला सलग तीन दिवस सुट्टी आली आणि आम्ही सहाजण लातूरहून निघालो. सहल म्हणावी तर मुलंबाळं सोबत नव्हती. जियारत म्हणावी तर सहातले दोघे मुसलमान नव्हते. ठरलं होतं एवढंच : डोंगरांतली जुनी एकांताची ठिकाणं पाहायची, प्रत्येक ठिकाणी तासभर गप्प बसायचं आणि मोबाईल बंद ठेवायचे.

पहिला थांबा औसा तालुक्यातलं खरोसा. इथल्या टेकडीत जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत, साधारण सहाव्या शतकातली. शिव-पार्वती, नरसिंह, कार्तिकेय अजून ओळखू येतात. पण दगड मऊ असल्यानं चेहरे झिजत चालले आहेत. आम्ही बाहेरच्या ओट्यावर बसलो. डोंगरातला एकांत मुसलमानाला परका नाही. कुरआनच्या पहिल्या आयती उतरल्या त्या मक्केजवळच्या हिरा गुहेत. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आपण एतिकाफला बसतो, त्यामागेही हीच ओढ असते. सूफींनी त्याला चाळीस दिवसांची मुदत घातली. फारसीत चाळीस म्हणजे ‘चिहिल’, त्यावरून ‘चिल्ला’ शब्द आला.

दुसऱ्या दिवशी नांदेडमार्गे माहूर गाठलं. महाराष्ट्रात एकांताची एवढी दाटी क्वचितच कुठे असेल. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेली रेणुका इथं आहे. दत्तशिखर आणि अनसूया शिखर आहे. महानुभाव पंथ दत्तात्रेयांना पंचकृष्णांपैकी एक मानतो, म्हणून त्यांचंही हे मोठं तीर्थ. अंबाजोगाईचे दासोपंत इथंच तपाला बसले होते, असं त्यांची परंपरा सांगते. आणि एकनाथांच्या परंपरेत तर दत्तानं जनार्दनस्वामींना दर्शन दिलं ते मलंगाच्या, म्हणजे फकिराच्या वेषात! याच डोंगरात शेख फरीद बाबांचा दर्गाह आहे आणि त्यांच्याच नावाचा धबधबा.

दर्ग्यात फातिहा पढून बाहेर बसलो. आमच्यातल्या सर्वांत वयस्क चाचांनी सांगायला सुरुवात केली, की बाबा फरीद गंजशकर पंजाबातून इथवर आले आणि याच पाण्याकाठी त्यांनी चिल्ला केला. दोघे तरुण मन लावून ऐकत होते. मला गप्प राहता आलं असतं. पण रोज मुलांना पुरावा म्हणजे काय हे शिकवणाऱ्या माणसाला ते जमेना.

मी म्हणालो, “चाचा, बाबा फरीदांची मजार पाकपट्टणला आहे. १२६५ च्या सुमारास ते तिथंच वारले. त्यांचे शिष्य निजामुद्दीन औलिया यांच्या तोंडून त्यांच्या कितीतरी आठवणी ‘फवाइदुल फुआद’मध्ये उतरल्या आहेत. त्यांत मुलतान, दिल्ली, हांसी, अजोधन येतं. दख्खन येत नाही.”

चाचांचा चेहरा उतरला. “तो क्या हमारे बाप-दादा झूट बोलते थे?” असं म्हणून ते उठून गेले.

एका तरुण सहकाऱ्यानं मला बाजूला घेतलं. “सर, आजकाल प्रत्येक जागेचे जुने कागद मागितले जातात. अशा वेळी तुम्हीच आपल्या जागेवर प्रश्न विचारता?” त्याची भीती खोटी नव्हती. मलाही ती वाटते. पण मी त्याला उलटं विचारलं, की दुसऱ्यांच्या दंतकथांना पुरावा मागताना आपली दंतकथा झाकून ठेवली, तर आपलं कोण ऐकणार?

आणि खरा इतिहास दंतकथेपेक्षा लहान नाही. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब चौदाव्या शतकात दौलताबादला आले आणि १३३७ मध्ये वारले. ‘फवाइदुल फुआद’ लिहून ठेवणारे अमीर हसन सिज्जीही दौलताबादेतच वारले. दोघांच्या मजारी खुलताबादला, आपल्याच मराठवाड्यात आहेत. म्हणजे बाबा फरीदांच्या आठवणी कागदावर उतरवणारा माणूसच आपल्या मातीत झोपला आहे. फरीद दख्खनमध्ये आले नसतील. त्यांचं नाव मात्र मुरिदांच्या पायांनी आलं. वर्धा जिल्ह्यातल्या गिरडच्या टेकडीवरही शेख फरीद यांच्या नावाचा दर्गाह आहे तो काही उगाच नाही.

माहूरजवळच्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. ती पांडवांनी कोरलेली नाहीत, तशी नाशिकचीही नाहीत. कोरणाऱ्यांची नावं गेली, तेव्हा लोकांनी आपल्याला माहीत असलेलं सर्वांत आदराचं नाव डोंगराला दिलं. कुणी पांडव म्हटलं, कुणी फरीद म्हटलं. अशी नावं कोण आलं होतं हे सांगत नाहीत. ठेवणाऱ्यांना कोण प्रिय होतं हे सांगतात.

संध्याकाळी चाचा माझ्याशेजारी येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मास्टर, आजोबा नाही आले, नातू आला असेल. नातवानं आजोबाचं नाव ठेवलं तर बिघडलं काय?” मी म्हणालो, “काहीच नाही चाचा.” शिष्याचा शिष्य म्हणजे नातूच की. माझं दहा मिनिटांचं भाषण त्यांनी एका वाक्यात बसवलं होतं.

परतताना नांदेडला सचखंड साहिबपाशी उतरलो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली ती याच गावात. त्या ग्रंथात बाबा फरीदांची वाणी आहे आणि शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे मानले जाणारे नामदेवही आहेत. चाचांनी डोक्याला रुमाल बांधला आणि म्हणाले, “म्हणजे फरीदबाबा नांदेडला आलेच की!”

या वेळी मी हरकत घेतली नाही. हे मात्र पुराव्यानिशी खरं होतं.

सोमवारी वर्गात सहलीचं सांगत होतो, तर एका मुलानं विचारलं, “सर, मग माहूरचा डोंगर पहिला कुणाचा?” मी फळ्यावर सगळी नावं लिहिली : रेणुका, दत्त, महानुभाव, दासोपंत, शेख फरीद. मग त्याला म्हणालो, “बाळा, हे सगळे डोंगरावर कशासाठी गेले असतील, ते आधी शोधून आण.”