स्टोक रो : चिल्टर्नच्या माथ्यावरची काशीनरेशांची विहीर

ऑक्सफर्डशायरमधल्या चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावर स्टोक रो हे छोटे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेले सेंट जॉनचे चर्च आणि दोन जुनी मद्यगृहे ही तिथली ठिकाणे. पण गावाचे खरे भूषण म्हणजे रस्त्याकडेची एक विहीर. लोखंडी खांबांवर पौर्वात्य धाटणीचा घुमट आणि त्याखाली पाणी ओढायच्या यंत्रावर उभा असलेला सोनेरी हत्ती.

इथल्या मातीखाली खडूचा जाड थर आहे. पावसाचे पाणी त्यातून झिरपून फार खोल जाते, म्हणून गावकरी चिकणमातीच्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्यावर भागवत. शेजारच्या इप्सडेन गावचे एडवर्ड अँडर्डन रीड ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत उत्तर हिंदुस्थानात होते. कादंबरीकार चार्ल्स रीड हे त्यांचे बंधू. १८३१ मध्ये एडवर्ड यांनी आझमगडला लोकांसाठी विहीर खोदवली. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी बोलताना त्यांनी आपल्या मुलखातली हकीकत सांगितली, असे म्हणतात : घरातले शेवटचे पाणी प्यायला म्हणून एका पोराला आईने बडवले होते.

ती आठवण ठेवून नरेशांनी पुढे स्टोक रोला विहीर बांधून दिली. १० मार्च १८६३ रोजी खोदाई सुरू झाली आणि २४ मे १८६४ रोजी विहीर खुली झाली. व्यास अवघा चार फूट, खोली ३६८ फूट, आणि सगळी खोदाई हातांनी. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल या खोलीत कळसासकट बुडाले असते. खर्च आला ३५३ पौंड १३ शिलिंग ७ पेन्स. वॉलिंगफर्डच्या वाइल्डर कारखान्याने काम केले. भरलेली बादली वर यायला दहा मिनिटे लागत.

देणगीमागचा हेतू मात्र वादाचा. खोदाई सुरू झाली तो दिवस युवराजांच्या लग्नाचा, विहीर खुली झाली तो राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसाचा. त्यामुळे १८५७ नंतरची ही राजनिष्ठेची सलामी होती, असे मानणे सोपे आहे. पण सलामीला प्रेक्षक लागतो. मुंबईचे पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी १८६९ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये पाणपोई उभारली आणि इंग्रजी राज्यात पारशांना मिळालेल्या संरक्षणाबद्दलची कृतज्ञता तिच्यावर कोरवली. आडगावच्या विहिरीकडे लंडनकर कशाला फिरकतील? आझमगडच्या विहिरीची परतफेड, हा दुसरा तर्क अधिक जवळचा, पण तोही अपुरा पडतो. कारण दान विहिरीवर थांबले नाही. देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चार एकरांत चेरीची ‘ईश्री बाग’ लावली, राखणदारासाठी अष्टकोनी घर बांधले आणि माशाच्या आकाराचे तळेही केले.

विहीर, तळे, बाग : धर्मशास्त्रातल्या पूर्तकर्मांच्या, म्हणजे लोकोपयोगी पुण्यकर्मांच्या, यादीतलीच ही कामे आहेत. अहिल्याबाई होळकरांच्या बारवांमागे जी पुण्यकल्पना होती, तीच इथे दिसते. तारखा राजनिष्ठेच्या असतील, मांडणी काशीची आहे. रीड यांनी जागा सुचवली आणि काम पार पाडले. पण नुसत्या विहिरीभोवती बाग आणि तळे यावे, ही ओढ बहुधा नरेशांचीच.

नळाचे पाणी आल्यावर विहिरीचा वापर घटत गेला, तरी ती दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालू होती. १९६४ मध्ये शताब्दीला प्रिन्स फिलिप आले, तेव्हा काशीहून आणलेले गंगाजल या विहिरीच्या पाण्यात मिसळण्यात आले.