तिसरा रकाना

आज आपण रकान्याकडे वळू. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांच्या यंत्रांनी छिद्रं पाडलेली कार्डं मोजली. वय, लिंग, जन्मस्थान, प्रत्येकाची कार्डावर ठरलेली जागा. यंत्राला माणूस कळत नव्हता, जागा तेवढी कळत होती.

१९७७ साली बेल लॅब्जमध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी ‘ऑक’ ही भाषा घडवली. तिच्यात डॉलरचं चिन्ह आणि ३ लिहिलं की ओळीतला तिसरा रकाना मिळतो. ३ च्या जागी शून्य लिहिलं की अख्खी ओळ. वेगळं काही सांगितलं नसेल, तर मोकळी जागा आली की रकाना संपला.

आता बघा. ‘मालती विष्णू जोशी सातारा’, इथे तिसरा रकाना आडनावाचा. पण कुणी ‘मालती जोशी सातारा’ एवढंच लिहिलं, तर आडनाव म्हणून सातारा निघतो. यंत्र तक्रार करत नाही. पुढे पेन्शनच्या यादीत जोशी शोधल्या, तर या बाई सापडतच नाहीत.

म्हणून आम्ही म्हणतो, रकाना काढण्याआधी डॉलर शून्य लिहून ओळी एकदा डोळ्यांखालून घालाव्यात.