नगरचा पॅटन आणि 29 लिटरचं इंजिन

टर्बोवाली अमेरिकन मसल कार नगरच्या रस्त्यावर दिसायची शक्यता जवळपास शून्य. पण तिचा लांबचा, अवजड भाऊ इथे आहे. 1994 साली सुरू झालेल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये 1965 च्या युद्धात पकडलेला पाकिस्तानचा अमेरिकन बनावटीचा पॅटन रणगाडा उभा आहे.

मसल कारचं सूत्र सोपं: मोठं इंजिन बसवा, बाकीचं नंतर बघू. पॅटनचंही तेच. एव्ही-1790 हे त्याचं इंजिन, आणि 1790 म्हणजे घन इंच. साधारण 29 लिटर, 12 सिलिंडर, हवेवर थंड होणारं, 810 हॉर्सपॉवर. डॉजच्या गाजलेल्या हेमी इंजिनाचे सात लिटर यापुढे मोपेड वाटतात.

पण हे इंजिन पेट्रोलवर चालायचं. एम-47 पॅटनमध्ये साधारण 880 लिटर पेट्रोल मावायचं आणि तेवढ्यात रणगाडा जायचा सव्वाशे-एक किलोमीटर. म्हणजे नगरहून निघाला तर पुण्यात पोचेपर्यंत टाकी रिकामी! शिवाय पेट्रोल पटकन पेटतं. अंतर मोजायचं यंत्रही भारी होतं, पण ते वापरायला कसलेला तोफची लागायचा.

सप्टेंबर 1965 मध्ये खेमकरणजवळच्या असल उत्तरला हे सगळं उघडं पडलं. आपल्या सैन्याने शेतात पाणी सोडलं, उसाआड रणगाडे आणि तोफा लपवल्या. पाणी दिलेल्या उसात ट्रॅक्टर रुतला की काय होतं, हे नगरकरांना सांगायला नको. इथे तर यंत्र चाळीस टनांच्या वरचं. अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने पॅटन फोडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आपल्या बाजूने लढणाऱ्या रणगाड्यांमध्ये जुने शर्मन होते, तेही अमेरिकनच.

गंमत म्हणजे अमेरिकेकडे उत्तर तयार होतं. त्याच इंजिनाचं डिझेल रूप, दोन टर्बोचार्जरसह. ताकद उलट कमी, 750 हॉर्सपॉवर. पण एका टाकीत सुमारे 480 किलोमीटर. पाकिस्तानचे पॅटन मात्र पेट्रोलवालेच राहिले होते.

मोटारींमध्ये टर्बो आला तो वेगासाठी. 1962 च्या ओल्ड्समोबिल जेटफायरने साडेतीन लिटरमधून 215 हॉर्सपॉवर काढली. त्यासाठी पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरत राहावं लागायचं. मालक विसरायचे, आणि दोन वर्षांत गाडी बंद झाली. मला तर हा थेट सॉफ्टवेअरचा किस्सा वाटतो: वापरणारा दर आठवड्याला काहीतरी करेल, या भरवशावर डिझाइन उभं करायचं नसतं. पुढे 1987 च्या ब्यूक जीएनएक्समध्ये संगणकाने टर्बो सांभाळला. अवघ्या 547 गाड्या बनल्या, म्हणून संग्राहक आज तिच्यामागे आहेत. तरी पाय दाबल्यावर क्षणभर थांबून मग झेपावायची तिची सवय गेली नाही.

म्युझियममध्ये सगळे पॅटनच्या तोफेसमोर फोटो काढतात. तुम्ही मागच्या बाजूला जा. तिथल्या रुंद जाळ्यांखाली ते 29 लिटरचं इंजिन बसायचं.