जठराच्या कर्करोगाचा छुपा प्रसार : शोधाचा इतिहास

जठराचा कर्करोगग्रस्त भाग यशस्वीपणे काढण्याची पहिली शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात केली. त्यापूर्वी पेआँ यांनी १८७९ मध्ये पॅरिसला आणि रिडिगिअर यांनी १८८० मध्ये असाच प्रयत्न केला होता. पण त्यांचे रुग्ण वाचले नव्हते. बिलरोथ यांची रुग्ण शस्त्रक्रियेतून सावरली, मात्र काही महिन्यांतच कर्करोगानेच दगावली. दिसणारी गाठ काढली तरी न दिसणारा रोग मागे राहतो, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

त्या काळी प्रसार ओळखण्याची साधने हात आणि डोळे एवढीच होती. डाव्या गळपट्टीच्या हाडाच्या वर हाताला लागणारी सुजलेली लसीकाग्रंथी ही पोटातील कर्करोगाची खूण असू शकते, हे रुडॉल्फ फिरखो यांनी १८४८ मध्ये नोंदवले होते. परंतु ही खूण उमटेपर्यंत रोग फार पुढे गेलेला असे.

जठराची भिंत भेदून गाठ बाहेरच्या पृष्ठभागावर आली की तिच्या पेशी पोटाच्या पोकळीत गळतात आणि आतल्या आवरणावर रुजतात. त्या पकडण्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी पोकळीत सलाइन सोडून ते परत ओढून घेण्याची आणि त्यातील पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत रूढ झाली. जपानमध्ये हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळत असल्याने तेथे या तपासणीचा विशेष अभ्यास झाला. तरीही काही रुग्णांत परत घेतलेल्या या धुवणात एकही कर्कपेशी दिसत नसे आणि पुढे आवरणावर रोग उगवत असे.

सूक्ष्मदर्शकातून निसटणाऱ्या अशा पेशींच्या रेणवीय शोधाची पूर्वतयारी माँट्रियलमध्ये झाली. फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगात व गर्भाच्या आतड्यात सीईए हे प्रथिन शोधले. रक्तातील त्याची पातळी मात्र सुरुवातीच्या रोगात बहुधा वाढत नाही आणि धूम्रपानानेही चढते. १९८० च्या दशकात जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती काढणारे पीसीआर तंत्र आले, तेव्हा खुद्द पेशीतील सीईएचा एमआरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवण्याचा संदेश वाहणारा रेणू, शोधणे शक्य झाले. नागोया येथील संशोधकांनी १९९० च्या दशकात पोटाच्या धुवणावर हीच चाचणी केली. सूक्ष्मदर्शकाने निर्दोष ठरवलेल्या काही नमुन्यांतही ती होकारार्थी आली आणि अशा रुग्णांत आवरणावर रोग परतण्याचे प्रमाण जास्त आढळले.

अतिसंवेदनशीलता हाच या चाचणीचा दोषही ठरला. काही निरोगी पेशींतही सीईएचा एमआरएनए अत्यल्प प्रमाणात असतो, त्यामुळे खोटा होकार येऊ शकतो. प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरने किमान मर्यादा ठरवता आली आणि हा दोष कमी झाला. पण छुपा प्रसार सापडल्यावर नेमका कोणता उपचार द्यावा, हा प्रश्न उरलाच.

कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या टीएनएम वर्गीकरणाच्या २०१० पासून लागू झालेल्या सातव्या आवृत्तीत धुवणात कर्कपेशी दिसणे हा दूरचा प्रसार मानला गेला. हा निकष पेशींच्या तपासणीचा आहे. एमआरएनए चाचणी तिला पूरक म्हणूनच राहिली आहे.